माजिवड्याचा नाका आणि प्रवासाच्या अटी

मुंबईहून पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाण्यास येणारा प्रवासी कॅडबरी नाका मागे टाकून पुढे आला, की ज्या ठिकाणी एक रस्ता डोंगराच्या कडेकडेने घोडबंदराकडे निघून जातो, दुसरा खाडी ओलांडून नाशिकची वाट धरतो आणि तिसरा, जो या सर्वांत वयाने वडील, तो बाळकुमवरून काशेळीमार्गे भिवंडीकडे वळतो, ते ठिकाण म्हणजे माजिवडा. मूळचे हे आगरी-कोळ्यांच्या वस्तीचे, भातशेतीचे आणि खाडीवर जगणारे गाव. आज त्याच्या माथ्यावरून उड्डाणपूल गेले आहेत आणि त्या पुलांच्याही वर मेट्रोचे खांब चढले आहेत. इतक्या वाटांच्या संगमावर वसलेल्या गावाला वाहतुकीचे सुख आपोआपच लाभले असेल, असे दुरून पाहणाऱ्यास वाटावे. परंतु रस्ता गावाजवळून जाणे आणि त्या रस्त्यावरील वाहनात गावच्या माणसास परवडणाऱ्या दराने, अपमान न सोसता, बसावयास मिळणे या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते कापण्यास या प्रदेशाला दीड-दोनशे वर्षे लागली असून ते अजूनही पुरते कापले गेलेले नाही.

आपल्याकडे वाहतुकीचा इतिहास बहुधा उद्घाटनांच्या अनुरोधाने लिहिला जातो. कोणता लोहमार्ग कोणत्या तारखेस खुला झाला, पुलास कमानी किती, बोगद्याची लांबी किती, याची नोंद आपण निगुतीने ठेवतो, आणि ती ठेवावयास हवीच. पण त्या गाडीत कोणास चढू दिले गेले, त्याने काय मोजले, तो बसला की उभा राहिला, आणि उतरल्यावर घरापर्यंत कसा पोहोचला, हे शोधू लागले म्हणजे दानपत्रांतील अटी, कायद्यांची कलमे, भाडेपत्रके आणि तक्रारअर्ज यांच्या दप्तरात शिरावे लागते. त्या दप्तराचा जो थोडाबहुत परिचय झाला, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ज्या ज्या वेळी सामान्य माणसाच्या वाट्याला न्याय्य प्रवास आला, त्या त्या वेळी कोणीतरी तो आधी अट म्हणून लिहून घेतलेला होता. आणि जेथवर ती अट पोहोचली, तेथवरच तो न्यायही पोहोचला.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांकडे आलेले आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या ताब्यात गेलेले ठाणे हे साष्टी बेटाच्या ईशान्य टोकाशी होते, आणि बेट म्हटले की तरीवाचून गती नाही. मुंबईकडे जावयाचे तर शीव किंवा माहीम येथे पाणी. कल्याण-भिवंडीकडे जावयाचे तर खाडी आणि उल्हास नदीचे मुख. काशेळीस पूल होण्यापूर्वी माजिवड्यावरून पलीकडे जाणारा शेतकरी, व्यापारी अथवा लग्नाचे वऱ्हाड नावाड्याच्याच भरवशावर असे. तरींचे उत्पन्न सरकारजमा होई, त्यांचे मक्ते दिले जात, आणि मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींसाठी स्वतंत्र कायदाही झाला. मक्त्याच्या पद्धतीत दोष असा, की मक्तेदाराचे हित अधिक उतारूंत आणि अधिक जकातीत असते. गरिबाचे एक बोचके, एक बकरे, एक टोपली हीदेखील त्याच्या दृष्टीने वसुलीची बाब ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दीत शीव येथे बांध घालून साष्टी मुंबईस जोडली गेली, तेव्हा नावेचा धोका टळला खरा, पण बांधावरही पथकर बसलाच.

या पार्श्वभूमीवर माहीमच्या बांधाची हकीकत मला फार मोलाची वाटते. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडीत नावा उलटून माणसे बुडत. बांध घालण्याची मागणी जुनी होती आणि कंपनी सरकार खर्चास राजी नव्हते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी त्या कामासाठी एक लक्ष सत्तावन्न हजार रुपये दिले, आणि देताना अट घातली, की या वाटेवर पथकर म्हणून कोणाकडूनही काही घेतले जाऊ नये. १८४५ साली बांध खुला झाला. दानशूर माणसे आपल्याकडे पुष्कळ झाली. धर्मशाळा, पाणपोया, घाट यांना तोटा नाही. परंतु वाट बांधून देताना ती निर्धनासही मोकळी राहावी एवढ्याकरिता सरकारास लेखी बांधून घेणारी ही स्त्री मला आपल्या सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासातील पहिली विचारवंत वाटते. पैसा देणे हे तिचे औदार्य होते. अट घालणे ही तिची दूरदृष्टी होती.

त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, साहिब, सिंध आणि सुलतान या तीन एंजिनांनी ओढलेली चौदा डब्यांची गाडी चारशे निमंत्रितांना घेऊन बोरीबंदरहून ठाण्यास आली. नाना शंकरशेट आणि जमशेटजी यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी या लोहमार्गासाठी किती वर्षे खटपट केली, हे सर्वश्रुतच आहे. पुढल्या वर्षी मे महिन्यात गाडी खाडी ओलांडून कल्याणास पोहोचली. त्या दिवसांचे वर्णन येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. मला त्या वेळचे भाडेपत्रक अधिक बोलके वाटते. पहिल्या वर्गास मुंबई ते ठाणे दोन रुपये दहा आणे आणि तिसऱ्या वर्गास पाच आणे तीन पै, म्हणजे मैलास तीन पै. दोहोंमधील अंतर बरोबर आठपट. हिंदुस्थानातील लोक जातिभेदामुळे एका डब्यात बसणार नाहीत, असे भाकीत करणारे थोडे नव्हते. लोकांनी ते खोटे पाडले. मैलास तीन पै हा दर पायी चालणाऱ्यालाही विचार करावयास लावणारा होता, आणि तिसऱ्या वर्गाच्या खिडकीशी जी रांग लागली ती पुढे कधी मोडलीच नाही. आगगाडीचे उत्पन्न या रांगेने उभे केले, आणि तरीही सर्वांत कमी सोय तिच्याच वाट्याला आली. हा मार्ग चालविणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेने तर १८७० च्या दशकात बाकेच नसलेला चौथा वर्गही काही काळ चालविला.

येथे मला १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, कारण सामान्य उतारूच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या दोन लहान अटी त्या दीर्घ कायद्यात दडलेल्या आहेत. त्याच्या त्रेसष्टाव्या कलमाने असे ठरविले, की प्रत्येक प्रकारच्या डब्यात जास्तीत जास्त किती उतारू बसवावयाचे ती संख्या रेल्वेने निश्चित करावी आणि ती इंग्रजीत अथवा देशी भाषेत डब्यावर ठळकपणे लिहावी. चौसष्टाव्या कलमाने प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे रेल्वेवर बंधनकारक केले. आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल, तर त्या कप्प्यास शौचकूप असावा असेही सांगितले. 'सर्वांत खालच्या वर्गाचा' हे शब्द ज्याने कोणी मसुद्यात घातले, त्याची जाण थोर म्हटली पाहिजे. वरच्या वर्गाच्या बायका आपापल्या घरच्या माणसांच्या संरक्षणात आणि मोकळ्या डब्यात प्रवास करीतच होत्या. ज्यांना धक्काबुक्कीत शिरावे लागे त्या कष्टकरी बायकांची अडचण त्या शब्दांनी प्रथमच राज्याच्या कायद्यात रुजू झाली. आज ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील फलाटांवर बायकांच्या डब्याची जागा दाखविणाऱ्या खुणेपाशी पहाटे जी गर्दी उभी असते, तिच्या हक्काचा एक धागा या कलमापर्यंत मागे जातो.

पण अट जेथे संपली तेथे काय झाले, तेही पाहावे. बोरीबंदरपासून ठाणे एकवीस मैल, कल्याण तेहतीस मैल. पन्नास मैलांची मर्यादा या दोन्ही गावांच्या पलीकडे पडली, आणि उपनगरी गाड्यांत शौचाची सोय असावी ही कल्पनाच मूळ धरू शकली नाही. पुढे विजेवर धावणाऱ्या गाड्या आल्या. कर्जत बासष्ट मैलांवर आणि कसारा पंच्याहत्तर मैलांवर असूनही तेथवर जाणाऱ्या लोकलांत ती सोय आजही नाही. मधुमेहाचा रुग्ण, गर्भवती स्त्री, वृद्ध मनुष्य यांनी दोन-अडीच तासांचा प्रवास कसा करावा, हा प्रश्न विचारला गेला की जागेच्या टंचाईकडे बोट दाखविले जाते. टंचाई खरी आहे. परंतु टंचाईतही ज्याचा आधी विचार होतो त्याला जागा मिळते आणि ज्याचा होत नाही त्याला मिळत नाही, हे नाकारता येणार नाही. उतारूंची संख्या डब्यावर लिहिण्याची अट पाळली गेली. लिहिलेल्या संख्येइतकेच उतारू घेण्याची जबाबदारी मात्र प्रत्यक्षात कोणी उचलली नाही.

महात्मा गांधींनी १९१७ च्या सप्टेंबरात मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गाने जो प्रवास केला आणि ज्याचे निवेदन त्यांनी रांचीहून प्रसिद्ध केले, तो याच लोहमार्गावरून, कल्याण आणि बोरघाटावरून झाला. बावीस जणांचा आकडा लिहिलेला तो डबा पुण्यास पोहोचण्यापूर्वीच भरला होता, आणि पुढे रायचूरनंतर त्यात शिरणाऱ्यांना आवरणे अशक्य झाले. गांधीजींच्या त्या निवेदनात घाण, तंबाखूच्या पिचकाऱ्या, चहा म्हणून मिळणारे द्रव्य, सर्व काही आहे. पण माझ्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही, की वरच्या वर्गाच्या आणि तिसऱ्या वर्गाच्या सोयींतील अंतर भाड्यातील अंतराशी जुळत नाही, हे त्यांनी हिशेब मांडून दाखविले. कमी पैसे देणाऱ्याला कमी सोय मिळावी, हे एक वेळ मान्य करता येईल. त्याला माणूस म्हणून लागणारी किमान सोयच नसावी, हे भाड्याच्या कोष्टकात बसत नाही.

तथापि गाडीतील गैरसोय ही अपमानाची एकच पायरी होती. त्याहून खोल पायरी स्थानकाच्या बाहेर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या एका छोट्या टिपणात दोन प्रवास सांगितले आहेत, आणि ते दोन्ही महाराष्ट्रातले आहेत. पहिला १९०१ सालचा. सातारा येथे राहणारे बाल आंबेडकर आणि त्यांच्या घरातील मुले गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाली. नवे कपडे, हातात पैसे, रेल्वेची तिकिटे, सर्व रीतसर. मसूर स्थानकावर उतरेपर्यंत कोठे काही बिघडले नाही. तेथे जात विचारली गेली, ती कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला, आणि बाहेर उभ्या असलेल्या बैलगाडीवाल्यांपैकी एकही, पैसे मिळत असूनही, या मुलांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि तेही या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवान सोबत चालत येणार. त्या रात्री वाटेत प्यावयास पाणी मिळाले नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती कासरा देऊन त्याच्याकडून दुप्पट भाडे घेणाऱ्या त्या व्यवहाराचा विचार मनात आला, की आजही माझे मन अस्वस्थ होते.

दुसरा प्रवास १९२९ सालचा. आता ते मूल बॅरिस्टर झालेले होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावास उतरले. कल्याणहून नाशिक-भुसावळकडे जाणाऱ्या मार्गावरील हे स्थानक. बोरीबंदरच्या खिडकीवर काढलेल्या तिकिटाने येथवर येण्यास कोणाचीही आडकाठी नव्हती. पण गावातील टांगेवाल्यांनी महाराच्या स्वारीसाठी टांगा हाकणे आपल्या इभ्रतीस उणेपणा आणणारे मानले. वस्तीतील लोकांनी टांगा तेवढा भाड्याने मिळविला आणि आपल्यातल्याच एकाला हाकावयास बसविले. सराव नसलेल्या त्या हातून पुलावर अपघात झाला आणि डॉक्टर दगडी फरशीवर फेकले जाऊन जायबंदी झाले. आगगाडीला कायद्याची अट होती. तिकीट घेतलेल्यास चढू देणे तिला भाग होते. टांग्याला आणि बैलगाडीला तशी अट नव्हती. स्थानकाच्या फाटकाशी राज्याचे न्यायक्षेत्र संपत होते आणि तेथून पुढे गावाची मर्जी सुरू होत होती. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने ही मर्जी बेकायदेशीर ठरविली, तेव्हा कोठे फाटकाबाहेरचा रस्ताही नागरिकाच्या हक्कात आला. सार्वजनिक वाहतुकीचा विचार करताना स्थानक ते घर हा अखेरचा टप्पा आपण नेहमी गौण समजतो. आमच्या इतिहासात मात्र सर्वांत मोठा अन्याय याच टप्प्यावर घडला आहे.

स्वातंत्र्यानंतर या टप्प्याकडे राज्याने लक्ष पुरविले, ते एस.टी.च्या रूपाने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि खाजगी सर्व्हिस मोटारींच्या जागी ठरलेले वेळापत्रक, ठरलेले भाडे आणि तिकिटाचा कागद देणारा वाहक आला. 'गाव तेथे एस.टी.' हे ब्रीद ज्या महामंडळाने मिरविले, त्याने तोट्याचे मार्ग फायद्याच्या मार्गांच्या जोरावर चालवून खेड्यांना जे दिले, त्याचे मोल ताळेबंदाच्या रकान्यात मावत नाही. ठाण्याहून माजिवड्यावरून भिवंडी, वाडा, शहापूरकडे जाणाऱ्या लाल गाड्यांनी कित्येक मुलामुलींना शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचविले आहे. खेड्यातील विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत प्रवासाची योजना, अपंगांना भाड्यात पंचाहत्तर टक्के सूट, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना विनामूल्य प्रवास, मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट, अशा सवलती या महामंडळाने एकामागून एक स्वीकारल्या. रेल्वेतही १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला, आणि १९७७ नंतर रेल्वेमंत्रिपद भूषविणारे आपले मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसविण्याचा निर्णय घेतला. केवळ दोन इंच. पण जो मनुष्य रात्रभर त्या फळीवर झोपत आला होता, त्याला राज्यकर्त्याने आपले अंग मोजून पाहिल्याचा तो पहिला पुरावा होता.

माजिवड्याचे रूप पालटले ते कारखान्यांनी. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन वागळे इस्टेट उभी राहिली, पोखरण, कोलशेत, बाळकुम या बाजूंस रसायनांचे, कापडाचे, औषधांचे कारखाने आले, आणि नाक्यांना त्यांची नावे पडली. गोल्डन डाइज आणि कॅडबरी ही नावे थांब्यांच्या पाट्यांवरून आजही वाचली जातात. कामगाराला न्यावयास कंपनीची बस येई. ती वेळेवर असे, आणि तिचे भाडे पगारातच धरलेले असे. कारखाने बंद पडले अथवा स्थलांतरित झाले, त्यांच्या जमिनीवर गगनचुंबी वसाहती झाल्या, आणि कंपनीच्या बसबरोबर कामगाराची हमीची वाहतूकही गेली. नव्या वसाहतींतील अनेकांपाशी स्वतःच्या मोटारी होत्या. त्या वसाहतींत धुणीभांडी करणाऱ्या, पहारा करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या माणसांपाशी नव्हत्या. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली, भोवतालची खेडी तिच्या हद्दीत आली, आणि ९ फेब्रुवारी १९८९ रोजी ठाणे परिवहन सेवेच्या गाड्या रस्त्यावर आल्या. कल्याण-डोंबिवलीस त्याच धर्तीचा उपक्रम दहा वर्षांनी, १९९९ साली, निघाला. दोन्हींना गाड्यांची चणचण जन्मापासून आहे. थांब्यावर बस येईना, म्हणून शेअर रिक्षा आली. तिने सामान्य माणसाची फार मोठी सोय केली हे मान्य करूनही सांगावेसे वाटते, की तीन-चार जणांनी अंग चोरून बसावयाच्या त्या वाहनात कुबड्या, चाकांची खुर्ची अथवा माशांची टोपली यांना ठाव नसतो.

२००९ साली ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस 'सॅटिस' या स्थानक परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा उन्नत तळ उभा राहिला आणि बसगाड्या वरच्या मजल्यावर गेल्या. खालची कोंडी काही प्रमाणात सुटली, आणि रेल्वेच्या पुलावरून थेट बसकडे जाणाऱ्यांची सोय झाली, हे निर्विवाद. पण वर-खाली करणे ज्याला जड जाते, त्याची परीक्षा अशा प्रत्येक सुधारणेत थोडी वाढते. तीच गोष्ट माजिवड्याच्या उड्डाणपुलांची. ज्याला माजिवड्यास उतरावयाचेच नाही, त्या मोटारीसाठी ते पूल आहेत. ज्याला उतरावयाचे आहे, त्याला पुलाखालच्या वळणावळणांतून, डाव्या-उजव्या बाजूंनी सुसाट येणाऱ्या वाहनांतून वाट काढीत थांबा गाठावा लागतो. सत्तरीची बाई रस्त्याच्या मध्यावरील दुभाजकाशी पदर सावरीत उभी राहते आणि दोन सिग्नल निघून जातात तरी तिचे पाऊल उचलत नाही, हे दृश्य या नाक्यावर कोणीही पाहावे.

पाऊल उचलण्याची गोष्ट निघाली म्हणून बसच्या पायरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या जुन्या बसची जमीन रस्त्यापासून मीटरभर, कधी त्याहूनही उंच असे. शहरी बससाठी केंद्र सरकारने पुढे जी मानके ठरविली, त्यांत तळाची उंची कमी करून ती ६५० आणि सर्वांत खालच्या प्रकारात ४०० मिलिमीटरपर्यंत आणली. ४०० मिलिमीटर म्हणजे साधारण दोन वीत. पदपथ योग्य उंचीचा असेल आणि चालकाने गाडी त्याला लगटून उभी केली, तर चाकांची खुर्ची एका फळीवरून आत जाऊ शकते. १९९५ च्या आणि त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने वाहतुकीची सुगम्यता हा हक्क मानला. २०१६ च्या कायद्यातील एकेचाळिसावे कलम त्याच विषयाला वाहिलेले आहे. परंतु पदपथ उखडलेला, थांब्यापुढे रिक्षा उभ्या, आणि बस रस्त्याच्या मधोमध थांबलेली, अशी स्थिती असेल तर त्या ४०० मिलिमीटरांचा उपयोग काय? चाळीसगावच्या टांग्याप्रमाणे येथेही कायद्याची अट वाहनाच्या दारापर्यंत येते आणि तेथून घरापर्यंतचा रस्ता पुन्हा मर्जीवर सोडला जातो. फरक इतकाच, की आता ती मर्जी कोणा एका माणसाची नसून अनेक कचेऱ्यांच्या अनास्थेची आहे.

ठाण्यापलीकडे लोहमार्गावरही ताण वाढतच गेला. २ जानेवारी २०१५ रोजी दिवा स्थानकावर खोळंबलेल्या उतारूंचा संताप उसळला आणि रुळांवर जे घडले त्याचे समर्थन करता येत नाही. पण त्या संतापाच्या मुळाशी असलेली तक्रार, की आमच्या स्थानकावर गाडीत शिरताच येत नाही, ती खरीच होती. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने दहा साध्या लोकलांच्या जागी वातानुकूलित गाड्या सोडल्या, तेव्हा कळव्याच्या आणि बदलापूरच्या उतारूंनी विरोध केला. वातानुकूलित गाडी वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्या वर्षी मे महिन्यात तिचे तिकीट निम्मे झाले असले, तरी आमच्या पासात जी गाडी येत होती ती काढून घेऊन आम्हांस न परवडणारी गाडी त्याच वेळेस देऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आठवड्याच्या आत, २५ ऑगस्टपासून, त्या दहा फेऱ्या मागे घेण्यात आल्या. १८५३ च्या भाडेपत्रकातील आठपट अंतराची आठवण ज्याला आहे, त्याला हे आंदोलन क्षुल्लक वाटणार नाही. आणि ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर, परस्परांना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे उतारू एकमेकांवर आदळून खाली पडले व त्यांतील काही जण दगावले. १८९० च्या कायद्याने डब्यावर लिहावयास लावलेला उतारूंचा आकडा या लोकांच्या बाबतीत शब्दशः जीवनमरणाचा प्रश्न ठरला होता.

आता माजिवड्यास मेट्रो येत आहे. वडाळा ते कासारवडवली ही बत्तीस किलोमीटरांची चौथी मार्गिका येथे स्थानक घेईल, आणि पुढच्याच कापुरबावडीस ठाणे-भिवंडी-कल्याण ही पाचवी मार्गिका तिला मिळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये घोडबंदर रस्त्याच्या बाजूस चौथ्या मार्गिकेची चाचणीही झाली. मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक असतात, अंधांसाठी पायाखाली जाणवणाऱ्या पट्ट्या असतात, गाडी आणि फलाट समपातळीत असतात. एवढी सोय या गावाने पूर्वी कधी पाहिली नव्हती आणि तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे. मुंबईतील आधीच्या काही मार्गिकांवर पासष्टीवरील नागरिक, दिव्यांग आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना मे २०२३ पासून भाड्यात पंचवीस टक्के सवलत मिळू लागली. ती येथेही पहिल्याच दिवसापासून असावी. पण माजिवड्याच्या गावठाणातून, राबोडीतून, बाळकुमच्या चाळीतून स्थानकाच्या उद्वाहकापर्यंत पोहोचणारा पदपथ किती रुंद असेल, त्यावर फेरीवाला आणि अंध मनुष्य या दोघांचीही जागा आखलेली असेल की नाही, परिवहन सेवेची बस मेट्रोच्या शेवटच्या गाडीपर्यंत धावेल की रिक्षावाल्याच्या मर्जीवर माणसे सोडली जातील, धुणीभांडी करून परतणाऱ्या बाईस बस आणि मेट्रो यांचे मिळून एकच तिकीट मिळेल की दोन वेळा पैसे मोजावे लागतील, याची उत्तरे महानगरपालिका, परिवहन सेवा आणि मेट्रो उभारणारे प्राधिकरण यांनी आपसांतील करारात, आकडे आणि जबाबदारी यांसह, गाडी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावीत, आणि ते करार मराठीत छापून प्रत्येक स्थानकाच्या भिंतीवर लावावेत.